बावीस बाय ऐंशी

२२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब आणि वजन सात-आठ ग्रॅम. एम.२ घडणीची एसएसडी पाकिटातून काढून तळहातावर ठेवली की क्षणभर शंका येते, दुकानदाराने आपल्याला वस्तूऐवजी तिचा एखादा सुटा भाग तर दिला नाही ना? हिला कवच नाही, पेटी नाही, वायर नाही. ०.८ मिलिमीटर जाडीची एक पट्टी, तिच्यावर ओळीने मांडलेले दोन-चार काळे चौकोन, त्यांच्या मधल्या जागेत नजरेला जेमतेम जाणवतील असे कपॅसिटर, एका टोकाला सोनेरी दातांची रांग आणि दुसऱ्या टोकाला अर्धवर्तुळात कातरलेली एक इवलीशी जागा; बस्स, संपली. एवढ्याशा देहात घरातल्या लग्नांचे फोटो, मुलांच्या गुणपत्रिका, आयकराची विवरणपत्रे आणि ‘न्यू फोल्डर’ याच नावाची डझनभर फोल्डरे सुखाने नांदणार आहेत. चांगली कविता हाती आली की आपण अर्थाची घाई करत नाही, एकेका शब्दापाशी रेंगाळतो. या पट्टीलाही आज आपण तसेच सावकाश वाचू या.

प्रथम नाव. हिला २२८० म्हणतात आणि या चार अंकांत हिची दोन्ही मापे सरळ लिहिलेली आहेत, पहिले दोन अंक रुंदीचे, पुढचे लांबीचे. हिच्या धाकट्या बहिणी २२३०, २२४२ आणि २२६०, थोरली २२११०. रुंदी सगळ्यांची एक, फरक काय तो लांबीचा. वाल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकमध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या बऱ्याच सरफेस यंत्रांत धाकट्या २२३० लाच प्रवेश असतो, बहुतेक लॅपटॉप मात्र २२८० ची वाट पाहत असतात. धाकटीला लांब जागेत बसवायचे तर धातूची एक जोडपट्टी लावून भागते, डेलच्या कित्येक लॅपटॉपांत तर अशी जोडपट्टी कारखान्यातूनच लावून येते. पण ऐंशीच्या लांबीला तिसाच्या जागेत कुणीच बसवू शकत नाही. म्हणून जाणकार माणूस दुकानात जाण्याआधी लॅपटॉपच्या नमुन्याचा क्रमांक पाहतो, त्याची माहितीपुस्तिका उघडतो आणि त्यातली ती एक ओळ दोनदा वाचतो. ती ओळ रुक्ष दिसते खरी, पण पुढचा सगळा आनंद तिच्यातच बीजरूपाने असतो.

आता सोनेरी दातांकडे येऊ, कारण पट्टीचे सारे सौष्ठव इथे एकवटले आहे. या कडेवर ७५ जागा कल्पिलेल्या आहेत. एका बाजूच्या दोन दातांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचे अंतर, आणि वरची रांग व खालची रांग एकमेकींपासून पाव मिलिमीटर सरकलेल्या, जणू एकमेकींची सावली चुकवत उभ्या. या ७५ मधल्या आठ जागा मात्र रिकाम्या सोडलेल्या असतात, आणि तिथे पट्टीला चक्क एक खाच पाडलेली असते. १२ ते १९ या जागी खाच असेल तर ती ‘बी’, ५९ ते ६६ या जागी असेल तर ती ‘एम’. बाकी पट्टी तीच, दात तेच, सोने तेच; ओळख पटते ती रिकाम्या जागेवरून. आपल्या छंदशास्त्राला ही युक्ती नवी नाही. शिखरिणी आणि मंदाक्रांता या दोन्ही वृत्तांच्या चरणात अक्षरे सतराच, पण मंदाक्रांता चार अक्षरांवर थबकते, पुन्हा सहावर थबकते आणि मग उरलेली सात अक्षरे घेऊन निघते. शिखरिणी सहा अक्षरांवर एकदाच श्वास घेते आणि पुढची अकरा एका ओघात म्हणून टाकते. लघुगुरूंचा क्रम निराळा असतोच, तरी सरावलेल्या कानाला नुसत्या यतीवरूनही वृत्त ओळखू येते. पट्टीवरची खाच ही तशीच यती आहे. जिथे काहीच उच्चारायचे नाही तिथेच तिने आपली जात सांगून ठेवली आहे, आणि लॅपटॉपमधल्या खोबणीत नेमक्या त्याच जागी एक प्लॅस्टिकचा दात उभा असतो. यती जुळली तर पट्टी आत शिरते, नाही तर कितीही जोर लावा, ती उंबरठ्यावरच उभी राहते. हा नकार मला फार आवडतो. यंत्राला बोलता येत नसताना त्याने आपल्याला किती सभ्यपणे ‘नाही’ म्हणावे!

पण एवढ्यावर भाळून जाऊ नये. काही पट्ट्यांना दोन्ही खाचा असतात, बी आणि एम. आणि एम खोबणीचे दार एम यती पाहून उघडत असल्यामुळे अशी दोन खाचांची पट्टी तिथे अलगद जाऊन बसते. स्क्रू लागतो, झाकण लागते, लॅपटॉप सुरू होतो, आणि पट्टी मात्र त्याला दिसतच नाही. कारण दारातून आत येणे ही एक गोष्ट आणि घरातली भाषा बोलता येणे ही निराळी. एम.२ हे केवळ शरीराचे नाव आहे. त्या शरीरात दोन भाषांपैकी कोणतीही असू शकते. एक साटा, जी फिरत्या तबकड्यांच्या काळात घडली, आणि दुसरी एनव्हीएमई, जिची पहिली आवृत्ती २०११ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाली. पहिलीच्या शिष्टाचारात हुकमांची रांग एकच आणि त्या रांगेत एका वेळी ३२ हुकूम. तबकडीवर एकच सुई इकडून तिकडे धावत असताना यापेक्षा मोठी रांग लावून मिळणार तरी काय होते? दुसरी भाषा जन्मली तेव्हा सुई नव्हतीच, म्हणून तिने ६५ हजारांहून अधिक रांगांची सोय ठेवली आणि प्रत्येक रांगेत जवळजवळ तितक्याच हुकमांची. काही लॅपटॉपांच्या खोबणीला दोन्ही भाषा येतात, काहींना एकच येते, आणि हे खोबणीकडे पाहून कळत नाही. पुन्हा त्या माहितीपुस्तिकेतली ओळच उघडावी लागते. अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित क्षेमेंद्र औचित्याला काव्याचा प्राण मानत होता: अलंकार कितीही मोलाचा असला तरी तो जागच्या जागी असेल तरच शोभतो. दुकानात सर्वांत महाग पट्टी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला क्षेमेंद्र समजावून सांगावा, असे कधी कधी मनात येते.

औचित्याची याहून सूक्ष्म छटा पाहायची असेल तर लेनोवोचे दोन थिंकपॅड शेजारी ठेवू या, टी४८० आणि टी४८०एस. दोघेही २०१८ चे, दोघांत इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर, नावात फक्त एका अक्षराचा फरक. आपल्याकडे जुन्या लॅपटॉपांच्या बाजारात दोघेही भेटतात आणि विकणारा पुष्कळदा दोघांना एकाच दमात ‘टी फोर एटी’ म्हणून मोकळा होतो. पण पट्टीला विचाराल तर ती हा फरक लगेच सांगेल. एनव्हीएमईची माहिती पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गिकांवरून ये-जा करते, तिसऱ्या पिढीच्या प्रत्येक मार्गिकेवरून सेकंदाला साधारण ९८५ मेगाबाइट. टी४८०एस पट्टीला चार मार्गिका देतो. टी४८० मात्र अडीच इंची डिस्कच्या जागेत एका जोडसांगाड्यात तिला बसवतो आणि दोनच मार्गिका देतो. सेकंदाला साडेतीन हजार मेगाबाइट वाचण्याची ऐपत असलेली पट्टी त्या घरात सतराशेच्या आसपास रमते. ती तक्रार करत नाही, अडून बसत नाही. मिळालेल्या मार्गिका मोजते आणि तेवढ्यात गाते. पिढ्यांचेही तसेच. चौथ्या पिढीची सात हजारांची पट्टी तिसऱ्या पिढीच्या खोबणीत घातली तर ती तिसऱ्या पिढीच्या गतीने चालते, आणि उलट केले तरी चालते. या सगळ्या मानकात मला सर्वांत लोभस वाटते ते हेच, की खाच आणि भाषा या दोन बाबतींत ते जराही नमत नाही, पण गतीच्या बाबतीत कमालीचे समजूतदार आहे.

आणि खरे सांगायचे तर त्या सात हजारांचे कौतुक खोक्यावरच शोभते. त्या आकड्याच्या आधी बारीक अक्षरांत ‘पर्यंत’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द असतात, तेही वाचावेत. तो वेग एखादी अवाढव्य फाइल एका ओघात वाचण्याचा. आपला रोजचा दिवस असा नसतो. लॅपटॉप सुरू होताना, ब्राउझर उघडताना, एक्सेलची फाइल जागी होताना हजारो छोटे छोटे तुकडे इकडून तिकडून वेचावे लागतात, चार-चार किलोबाइटचे, एकामागून एक. या वेचणीत उत्तम एनव्हीएमई पट्टीही सेकंदाला दोन आकडी मेगाबाइटच्या घरात असते, आणि तिसऱ्या व चौथ्या पिढीतले अंतर जाणवेल इतके उरत नाही. मात्र हीच वेचणी मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीवर करून पाहा. एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा सुईखाली येण्याची वाट सरासरी साडेपाच मिलिसेकंद पाहायची, त्याआधी सुईने योग्य वर्तुळावर जाऊन पोहोचायचे. एवढे सारे चार किलोबाइटसाठी. वेग तिथे सेकंदाला एका मेगाबाइटच्याही खाली घसरतो. तबकडी सोडून कोणत्याही एसएसडीकडे येणे ही खरी क्रांती. एका एसएसडीकडून तिच्याहून वेगवान एसएसडीकडे जाणे ही पुष्कळदा नुसती हौस. हौसेला मोल नसते, पण निदान ती हौस आहे हे ठाऊक असावे.

आता त्या काळ्या चौकोनांच्या आत डोकावू. इथे आपल्याला जरा अधिक वेळ काढावा लागेल, कारण हे दालन मोठे आहे. १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी यांनी एक कल्पना मांडली: ट्रान्झिस्टरच्या पोटात चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेली एक कोठडी ठेवायची. तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडले की वीज गेली तरी ते तिथेच राहतात. या बीजातून जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी आजच्या नॅन्ड फ्लॅशची रचना घडवली आणि १९८७ मध्ये ती जगापुढे ठेवली. आजच्या बहुतेक चिपांत ती कोठडी सिलिकॉन नायट्राइडच्या थराची असते, आणि कोठड्या जमिनीवर पसरण्याऐवजी मजल्यांवर मजले चढत गेल्या आहेत. सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थरांची चिप आणली, मायक्रॉनने २०२२ मध्ये २३२ थर गाठले. आपल्या पट्टीवरचा तो चिमुकला काळा चौकोन ही अशी गगनचुंबी वस्ती आहे, आणि तिच्यातल्या प्रत्येक रहिवाशाचे काम एवढेच, की आपल्याकडे सोपवलेले इलेक्ट्रॉन हलू न देता सांभाळायचे.

त्यातली नजाकत मोजमापात आहे. कोठडीत भार आहे की नाही, एवढेच पाहिले तर एक बिट मिळतो. पण तो किती आहे हेही पाहिले तर? भाराच्या आठ पातळ्या ओळखता आल्या तर एका कोठडीत तीन बिट मावतात, हिला टीएलसी म्हणतात. सोळा पातळ्या ओळखल्या तर चार बिट, ही क्यूएलसी. तंबोरा लावताना खुंटीच्या इवल्याशा पिळाने स्वर चढतो-उतरतो आणि तयार कान ते श्रुतीचे अंतर पकडतो. इथे तो कान म्हणजे कंट्रोलर नावाचा चौकोन. सोळा पातळ्या एवढ्याच जागेत बसवायच्या म्हणजे दोन पातळ्यांमधले अंतर कमी, लिहिताना अधिक सावधपणा, म्हणून गती मंद, आणि थोडी झीज झाली तरी घोटाळ्याची शक्यता अधिक. क्यूएलसी स्वस्त असते ती एका कोठडीत अधिक बिट मावतात म्हणून. ज्याला चित्रपटांचा नि गाण्यांचा साठा ठेवायचा आहे त्याने ती खुशाल घ्यावी. पण लॅपटॉपमध्ये एकच पट्टी बसणार असेल आणि सगळा संसार तिच्यावरच चालणार असेल, तर माझा कौल टीएलसीला.

झीज कसली, असे आपण विचाराल. कोठडीत इलेक्ट्रॉन ढकलण्यासाठी आणि बाहेर ओढण्यासाठी त्या रोधकाच्या भिंतीतूनच त्यांना पार करावे लागते, आणि दर फेरीला भिंत किंचित दुखावते. त्यात फ्लॅशचा एक विलक्षण स्वभाव असा, की लिहिता येते पानापानाने, एक पान साधारण १६ किलोबाइटचे, पण पुसता येते ते अनेक पानांचा गठ्ठाच्या गठ्ठा. पाटीवर हवे तिथे अक्षर काढता यावे, पण एक अक्षर बदलायचे झाले तर सगळी पाटी पुसावी लागावी, तसला हा नियम. मग आपण एखाद्या पत्रातला एक स्वल्पविराम बदलला तर? कंट्रोलर जुने पान पुसतच नाही. तो नव्या कोऱ्या पानावर मजकूर लिहितो, जुन्यावर ‘रद्द’ अशी खूण करतो आणि स्वतःच्या नोंदवहीत पत्ता बदलतो. आपल्याला वाटते फाइल जिथल्या तिथे आहे. प्रत्यक्षात ती दर वेळी नव्या घरी राहायला गेलेली असते. मधूनमधून, आपण चहा घेत असताना, तो अर्धवट रद्द झालेले गठ्ठे निवडतो, त्यांतली जिवंत पाने दुसरीकडे हलवतो आणि रिकामा गठ्ठा पुसून ठेवतो. एकाच कोठडीवर सारखा भार पडू नये म्हणून लिखाण सगळ्या वस्तीत समान वाटतो. आणि आपण फाइल डिलीट केली की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला तसे कळवते, या निरोपाला ट्रिम म्हणतात. विंडोजने २००९ मध्ये, सातव्या आवृत्तीपासून, तो पाठवायला सुरुवात केली. एवढी व्यवहारचातुर्याची कारभारीण आपल्या मांडीवरच्या यंत्रात रात्रंदिवस राबते, आणि आपण तिला ‘मेमरी’ म्हणून हाक मारतो!

तिची नोंदवही ठेवायला काही पट्ट्यांवर वेगळी डीरॅम चिप असते. ज्यांच्यावर नसते त्यांतल्या चांगल्या पट्ट्या लॅपटॉपच्या रॅममधला छोटासा तुकडा उसना घेतात, आणि रोजच्या कामात हे उसने उसने वाटत नाही. त्यामुळे ‘डीरॅम नसेल तर घेऊच नका’ हा सल्ला साटा पट्ट्यांपुरता ठीक, एनव्हीएमईच्या बाबतीत तो जरा शिळा झाला आहे. टिकाऊपणाचे वचन टीबीडब्ल्यू या आकड्यात असते: पट्टीवर एकूण किती टेराबाइट लिहून होईपर्यंत निर्माता जबाबदारी घेतो. सॅमसंगच्या ९७० इव्हो प्लसच्या एक टेराबाइट पट्टीला हा आकडा ६०० आहे, वॉरंटी पाच वर्षांची. भागाकार करून पाहा, पाच वर्षे रोज सुमारे ३२९ गिगाबाइट. दिवसभर टंकलेखन, पत्रव्यवहार आणि संध्याकाळी एखादी मालिका पाहणारे तुम्ही-आम्ही तेवढे लिहायचे म्हटले तरी लिहू शकत नाही. मात्र एक पथ्य. झिजलेली पट्टी वीज न देता कपाटात ठेवली तर ती मजकूर किती काळ धरून ठेवेल, याची जेडेक संस्थेने आखलेली किमान अपेक्षा ३० अंश तापमानाला एका वर्षाची आहे. दहा वर्षांनी उघडायची आठवणींची पेटी म्हणून ही वस्तू घडलेली नाही.

इथे क्षणभर मागे वळून पाहू. १९९१ मध्ये सॅनडिस्क कंपनीने, तेव्हा तिचे नाव इंग्रजी ‘सन’ म्हणजे सूर्यावरून ‘सनडिस्क’ असे होते, आयबीएमला २० मेगाबाइटची फ्लॅश ड्राइव्ह पुरवली होती आणि तिची किंमत होती सुमारे हजार डॉलर. त्या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक संजय मेहरोत्रा, कानपूरमध्ये जन्मलेले. आपल्या हातातली एक टेराबाइटची पट्टी त्या ड्राइव्हच्या ५० हजार पट आहे, हे एकदा मनात घोळवावे आणि मग पुढे जावे.

पुढे आहे ती उष्णता. वेगाने काम करणारा कंट्रोलर तापतो, आणि फार तापला की स्वतःच गती कमी करून घेतो. डेस्कटॉपवाले त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक चढवतात; लॅपटॉपच्या झाकणाखाली तेवढी उंची कुठली? म्हणून हीटसिंक लावून विकली जाणारी पट्टी कितीही रुबाबदार दिसली तरी आपल्या कामाची नाही. तसेच मोठ्या क्षमतेच्या काही पट्ट्यांच्या दोन्ही अंगांना चिपा असतात, वेस्टर्न डिजिटलच्या एसएन८५०एक्सची चार टेराबाइटची आवृत्ती त्यांतलीच, आणि सडपातळ लॅपटॉपांत खालच्या अंगाच्या चिपा अडतात. पण या अडचणीच्या प्रदेशातच एक फार देखणा तपशील सापडतो. २०१६ मध्ये सॅमसंगने ९६० मालिकेच्या पट्ट्यांवरील लेबलात तांब्याचा पातळ पदर घातला. ज्या चिकटपट्टीवर नाव, क्रमांक आणि शिक्के छापायचे तिच्याचकडून उष्णता पसरवून घ्यायची! इथे शोभेची म्हणून लावलेली वस्तू एकही नाही, नावाचा कागदसुद्धा कामाला जुंपलेला. असे लेबल ‘चिप बघायची आहे’ म्हणून सोलून काढणारे उत्साही जीव असतात; त्यांना वॉरंटी आणि तांबे दोन्ही एकदम गमवावे लागते.

ज्यांच्याकडे याहून जुने लॅपटॉप आहेत, एम.२ खोबण नसलेले, त्यांनी हिरमुसू नये. त्यांच्यासाठी अडीच इंची साटा एसएसडी आहे. तिची गती साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास थांबते, पण वर सांगितलेली खरी क्रांती तिच्यातही पुरेपूर आहे. तिथे खाचेऐवजी जाडी पाहायची. २०११ च्या थिंकपॅड एक्स२२० च्या कप्प्यात सात मिलिमीटरचीच डिस्क जाते, त्या काळच्या अनेक साडेनऊच्या डिस्क दारातच अडत. बाजारातल्या एसएसडी बहुधा सातच्या असतात, म्हणून आता तो प्रश्न जवळजवळ उरलेला नाही.

बसवण्याचा विधी छोटा आहे, पण त्याला पूर्वांग आहे. नव्या लॅपटॉपांत बॅटरी पोटातच असते, तिला झोपवल्याशिवाय आत हात घालू नये. थिंकपॅडमध्ये याची सोय मोठ्या शहाणपणाने केलेली आहे: सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये जायचे, कॉन्फिग, त्यात पॉवर, आणि तिथे अंतर्गत बॅटरी बंद करण्याचा पर्याय. यंत्र निमूट मिटते आणि चार्जर पुन्हा लावेपर्यंत जागे होत नाही. मग उलटे करून झाकणाचे स्क्रू सैल करायचे. हे स्क्रू सुटले तरी झाकणातच अडकून राहतात, गालिच्यावर घरंगळून जात नाहीत. ज्याने ही योजना केली त्याच्या घरातला कुणीतरी नक्कीच कधीतरी गुडघ्यांवर बसून स्क्रू शोधत होता. झाकणाची कड प्लॅस्टिकच्या पातळ चकतीने उकलायची, लोखंडी टोकाने कधीच नाही. कोकणातल्या दमट हवेत स्थितिक विद्युत फारशी सतावत नाही, मराठवाड्या-विदर्भाच्या कोरड्या हवेत मात्र आत बोट घालण्याआधी एखाद्या अर्थिंग असलेल्या धातूला हात लावून घ्यावा.

आणि मग तो क्षण. पट्टी आडवी ढकलायची नसते. खोबणीशी साधारण तीस अंशांचा कोन करून ती तिरकी सरकवायची. यती खोबणीतल्या दाताशी जुळते, सोनेरी दात आत जातात, शेवटचा अर्धा मिलिमीटर बोटांना किंचित विरोध जाणवतो आणि तो ओसरतो. हात काढला की पट्टी पडत नाही. ती त्या तिरक्या कोनातच हवेत उभी राहते, कारण खोबणीतल्या स्प्रिंगदार संपर्कपट्ट्यांनी तिला धरलेले असते. प्रथमच पाहणाऱ्याला वाटते, काहीतरी चुकले, ही नीट बसली नाही. चुकलेले काहीच नसते. ती फक्त वाट पाहत असते. एका बोटाने तिला हळूच खाली दाबायचे, टोकाची ती अर्धवर्तुळाकार जागा स्टँडऑफ नावाच्या बुटक्या खांबावर येऊन टेकते, आणि दोन मिलिमीटर जाडीच्या एकुलत्या एका स्क्रूने तिला स्थिर करायचे. या अर्धवर्तुळाभोवती तांब्याचे कडे असते आणि स्क्रूच्या वाटेने ते मदरबोर्डच्या जमिनीशी जोडले जाते. म्हणजे तो स्क्रू नुसता धरून ठेवत नाही, तो पट्टीला अर्थिंगही देतो. सगळ्या रचनेत हाताने फिरवायचा स्क्रू एकच, आणि त्यालाही दोन कामे. दाबताना मनाशी शंका येईल, की पट्टी वाकते आहे का. वाकत असेल तर स्टँडऑफ चुकीच्या लांबीवर आहे किंवा पट्टी पूर्ण आत गेलेली नाही, तेव्हा जोर न लावता परत पहिल्यापासून पाहावे.

पुढचे काम सॉफ्टवेअरचे, ते मी भराभर सांगतो, कारण त्यात रस कमी आणि खबरदारी जास्त. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत करावी की नव्याने विंडोज टाकावे, यावर दोन पंथ आहेत. वर्षानुवर्षांचा कचरा नव्या घरी नेण्यात मला हशील दिसत नाही, म्हणून मी दुसऱ्या पंथाचा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क-कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवावी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या कित्येक लॅपटॉपांत विंडोजच्या इन्स्टॉलरला पट्टी दिसतच नाही आणि माणूस उगाच खोबणीला दोष देतो; तिथे इंटेलच्या आरएसटीचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन तो दाखवला की पट्टी प्रकट होते. आणि एक टेराबाइटच्या जागी ९३१ गिगाबाइट दिसले तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. निर्माता दहाच्या घातांत मोजतो, विंडोज दोनच्या घातांत मोजते. वस्तू तेवढीच आहे, फक्त माप वेगळे.

सगळे सुरू झाल्यावर एक काम राहते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक छोटा मोफत प्रोग्रॅम आहे, जपानी हातांनी घडवलेला. तो उघडला की पट्टीची कुंडली समोर येते. तिथे ‘ट्रान्स्फर मोड’ या शीर्षकापुढे उभ्या रेघेने विभागलेली दोन पदे असतात, डावीकडे सध्या मिळत असलेल्या मार्गिका, उजवीकडे पट्टीला पेलणाऱ्या. टी४८०एस मध्ये चार आणि चार दिसतील, टी४८० मध्ये दोन आणि चार. कुठे तडजोड झाली ते एका ओळीत. तिथेच ‘पॉवर ऑन अवर्स’ असा एक रकाना असतो, पट्टी आजवर किती तास चालली ते सांगणारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की पुण्याच्या तापकीर गल्लीत, कोरी म्हणून घेतलेल्या पट्टीचे हे तास शून्याच्या आसपास असावेत. तिथे चार आकडी संख्या दिसली तर पडद्याचा फोटो काढावा, पट्टी परत पाकिटात घालावी, अनुक्रमांक लिहिलेले बिल सोबत घ्यावे आणि दुकान उघडायच्या वेळेलाच त्याच्या दारात जाऊन उभे राहावे.